मुसळधार म्हणजे काय गं, आजी?

परवा खानापूर तालुक्यातल्या एका गावी बारशाला जाणे झाले. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या आणि ऐन वेळी वरवंटा सापडेना. बाळाच्या आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून द्यायचा, ही आपली रीत. शेवटी तो मागीलदारी सापडला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून सुनेने तिथे लावला होता. "मिक्सर असताना तो धोंडा कशाला जपायचा, आत्ती?" तिचा प्रश्न सरळ होता.

सुनेचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पहाटे उठून ज्यांनी घरभराचे जोंधळे दळले, भात कांडले, त्यांच्या हाताचे घट्टे आम्ही पाहिले आहेत. जात्याचे गोडवे बहुधा न दळणारेच गातात! गिरणी आली, बायकांची पाठ मोकळी झाली, बरेच झाले.

पण दळणाबरोबर ओवीही उठून गेली. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून लाखाहून अधिक टिपल्या. त्या कागदावर आणि फितीवर राहिल्या. खुंटा, माकडी हे शब्द मात्र कोण टिपणार? मूठमूठ दाणे जात्यात टाकणे म्हणजे वैरणे. आजच्या पोराला वैरण फक्त म्हशीची ठाऊक. जात्या-पाट्याला टाकी लावणाऱ्याची हाळीही आता गल्लीत येत नाही. टाकी म्हटले की छपरावरची पाण्याची!

म्हणी तेवढ्या चालू आहेत. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, असे आपण अजून म्हणतो. पण ज्याने जातेही पाहिले नाही आणि सूपही, त्याला त्यातले भय कसे कळावे?

त्याच बारशात बाहेर पाऊस कोसळत होता. खानापूरचा पाऊस तो! कुणीतरी "मुसळधार लागलाय" म्हणाले. सहावीतल्या नातवाने विचारले, "मुसळधार म्हणजे काय गं, आजी?" आजी मुसळ कसे असते ते हातवारे करून सांगू लागली. पोराच्या ध्यानात येईना. शेजारची कन्नड मावशी हसून म्हणाली, "ओनके रे, ओनके!" पोराचा चेहरा उजळला. हैदरअलीच्या सैनिकांना मुसळाने लोळवणारी चित्रदुर्गाची ओनके ओबव्वा त्याला शाळेतून ठाऊक होती.

मावशीचे उपकारच मानायचे. विळीला ईळिगे म्हणणारे शेजारी आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या चुलीवरचा विस्तव नेत आलो आहोत. शेजाऱ्याचा शब्द पोराला आला, याचे दुःख नाही. घरातला आला नाही, एवढेच मनाला लागले. त्यात पोराचा काय दोष? उखळ परड्यात उपडे पडलेले, मुसळ माळ्यावर. त्याला ते काढून दाखवले कुणी?

संध्याकाळी निघताना मागीलदारी चपला शोधत होतो. दाराला वीट लावलेली होती. वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवला होता, आणि कुंची अजून त्याच्या अंगावरच होती.