वाजणारी रेघ

भाद्रपदातली रात्र, पाऊस धो धो. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाट मागे टाकून रत्नागिरी जिल्ह्यात शिरावं, तर समोरच्या ट्रकच्या दिव्यांत रस्त्यावरचा पांढरा पट्टा पार गायब! गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांना हे नवीन नाही. पट्टा पुसलेला नसतो, तो पाण्याखाली गेलेला असतो.

एरवी तो चमकतो कसा, हेच मुळात अजब आहे. सुमारे २०० अंशांवर वितळवलेलं थर्मोप्लास्टिक अडीच मिलिमीटर जाडीनं रस्त्यावर अंथरतात आणि ते गरम असतानाच त्यावर रव्याएवढे काचेचे मणी भुरभुरतात. हेडलाइटचा किरण मण्यात शिरतो, वाकतो, मागच्या पांढऱ्या रंगावर आपटतो आणि आल्या वाटेनं गाडीकडे परततो. मण्यांवर पाण्याचा थर साचला, की बराचसा प्रकाश त्या आरशासारख्या थरावरून पुढेच निसटतो.

त्यावरचा उपाय म्हणजे पट्ट्याचा सपाटपणाच घालवणं. त्यावर ठरावीक अंतरानं काही मिलिमीटर उंचीचे आडवे वरंबे काढतात. पाणी खाली निथळतं, माथे वर उघडे राहतात आणि चमकतात. शिवाय चाक त्यावर चढलं की पट्टा वाजतो! वरंबे अर्ध्या मीटरवर असतील आणि गाडी ताशी ८० किलोमीटरनं जात असेल, तर चाक सेकंदाला ४४ वरंबे ओलांडतं. म्हणजे ४४ हर्ट्‌झची खर्जातली घरघर. कानापेक्षा स्टिअरिंग धरलेल्या तळव्यांना आणि सीटला आधी कळणारी. अंतर निम्मं केलं, की सूर बरोबर एक सप्तक वर. डेन्मार्क आणि जपानमध्ये याच हिशेबानं रस्त्यांवर चक्क सुरावटी बसवल्या आहेत.

ताशी ८०च्या याच वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी जवळपास ६७ मीटर आपोआप गेलेली असते. मिटल्या डोळ्यांना पट्टा कितीही चमकला तरी काय उपयोग? हादरा मात्र पोचतो. शाळेआधी किंवा फाट्यापाशी आडवे टाकलेले रंबलर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच खडखडवतात. ही रेघ फक्त भरकटलेल्याशी बोलते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या गार्डन स्टेट पार्कवेवर १९५०च्या दशकातच रस्त्याची कड अशी वाजती केली होती.

मुंबई-गोवा महामार्गाचं काँक्रीट मुळातच फिकट, त्यावर पांढरी रेघ उठून दिसत नाही. मला विचाराल तर घाटातल्या दुपदरी वळणांवर कडेआधी मधली रेघ वाजती हवी, कारण तिच्यापलीकडून समोरची गाडी येत असते. पण कोकणात काही अडचणीही आहेत. डोंगर कापलेल्या जागी पावसात लाल माती वाहून येते आणि वरंब्यांमधल्या फटी बुजवते. त्या साफ कराव्या लागतात. दुचाकीवाल्याला उंच वरंबा ओल्या रस्त्यावर नकोसा वाटतो. आणि जिथे घराची पडवी थेट रस्त्याला टेकलेली आहे, तिथे रात्रभर ही घरघर कोण ऐकून घेणार? वाडीलगत सपाट पट्टाच ठेवावा आणि वेग दुसऱ्या उपायांनी आवरावा.