आंग्र्यांची गुराब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्याच्या तोफा जास्त ते जहाज भारी, हा युरोपातला हिशेब. इंग्रजांचं ‘व्हिक्टरी’ १७६५ साली पाण्यात उतरलं, ते शंभर तोफांचं. तोच हिशेब कोकणाला लावला की आंग्र्यांचं आरमार म्हणजे किरकोळ होड्यांचा तांडा वाटू लागतो. पण १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी ५०, ३६ आणि १८ तोफांची तीन डच जहाजं गाठली. दोन जाळली, तिसरं धरलं. हे जमलं ते गुराब या त्यांच्या लढाऊ जहाजाच्या बांधणीमुळे.

गुराब साधारण १५० ते ३०० टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळ लांब आणि पुढे निमुळती होत गेलेली. युरोपीय जहाजांचा सगळा भर कुशीच्या तोफांवर असे. गुराबेच्या कुशींनाही सहा ते नऊ पौंडी तोफा होत्या, पण तिची मदार पुढच्या दोन तोफांवर. नऊ ते बारा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या या तोफा समोरच्या आडभिंतीतल्या भोकांतून नाळेवरून थेट पुढे रोखलेल्या असत. त्यामुळे शत्रूच्या पिछाडीला लागायचं आणि कूस न वळवता मारा करत राहायचं. पिछाडीला त्याच्या तोफा अगदी मोजक्या. वारा पडला की अवजड जहाज जागीच खिळायचं. गुराबेला मात्र चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं दोर लावून ओढत न्यायची. ही विचारपूर्वक केलेली रचना आहे आणि तिला युरोपीय जहाजांची कच्ची नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे.

गोळे मारून जहाज बुडवायचं, हाही गैरसमजच. जाड लाकडी जहाज सहसा बुडत नसे, आणि बुडालं तर मालही गेला. म्हणून नेम डोलकाठ्यांवर. त्या मोडल्या की चहूबाजूंनी घेरायचं. तरीही शरण आलं नाही, तर गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर चढत.

सिनेमात गोळा पडला की स्फोट होतो. जहाजावरच्या तोफांचा गोळा मात्र सहसा भरीव लोखंडाचा. तो फुटत नसे. फुटणारे गोळे उखळी तोफांचे, आणि त्यांच्यासाठी वेगळ्या नौका असत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसनच्या आरमारानं अशा नौका आंग्र्यांच्या विजयदुर्ग किल्ल्यासमोर आणल्या. जमिनीच्या बाजूनं इंग्रजांच्या साथीला पेशव्यांची फौज होती, हे सल आजही बोचतं. आंग्र्यांची जहाजं बंदरात एकमेकांना बांधून उभी होती. एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला, हे जहाज तुळाजींनीच १७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडून जिंकलेलं. त्याची आग दोरांवरून, शिडांवरून पसरत गेली आणि गुराबा बंदरातच जळाल्या.