बोटावर धावणारा घोडा आणि गार पाणी

मुलांनो, उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर उभं टेकवा आणि बाकीची बोटं वर उचला. आता त्या एका बोटावर सगळ्या अंगाचा भार पेलायचा आहे अशी कल्पना करा. नुसती कल्पनाच करा हं, खरोखर भार टाकू नका! घोडा मात्र जन्मभर तसाच उभा असतो. त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट, आपल्या मधल्या बोटाच्या जागचं, आणि त्या बोटाचं नख म्हणजे त्याचा खूर. पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो ना, ते खरं तर घोड्याचं मनगट आहे!

या मनगटाच्या खाली हात फिरवलात तर मऊ मांस लागतच नाही. पाय हलवणारे स्नायू सगळे मनगटाच्या वरच. खाली हाडं, कातडी आणि स्नायूंची ओढ हाडांपर्यंत पोचवणारे लांबच लांब स्नायुरज्जू. पाय खाली असा हलका असल्यामुळे तो झपाझप पुढे-मागे जातो आणि शर्यतीचा घोडा तासाला ६० किलोमीटरच्या वर वेग गाठतो. पण भरधाव धावताना मध्येच एक क्षण असा येतो, की साडेचारशे-पाचशे किलोचं ते धूड एकाच पायावर असतं. त्या क्षणी पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहूनही जास्त भार येतो. पायामागचा स्नायुरज्जू ताणला जातो, लगेच पूर्ववत होतो, पुन्हा ताणला जातो. प्रत्येक टापेला हेच. या ताणण्या-आखडण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. शास्त्रज्ञांनी धावत्या घोड्याच्या स्नायुरज्जूच्या गाभ्यातलं तापमान मोजलं, तर ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढलेलं दिसलं. आपल्याला ४० अंश ताप आला तर घरात किती धावपळ उडते, आठवा!

स्नायुरज्जूला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. त्यामुळे ही उष्णता लवकर निघून जात नाही, आणि त्याचे तंतू तुटले तर ते भरून यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. दुखावलेला पाय सुजतो, गरम होतो, घोडा लंगडतो. मग पहिल्यांदा काय करायचं? गार पाणी!

पण कुठलं पाणी? चला, आपल्या वसईतल्या निर्मळला जाऊन शोधू. कार्तिकातल्या यात्रेमुळे आणि तिथल्या तळ्यामुळे हे गाव तुम्हाला माहीत असेल. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये विहिरी आणि बावखलं म्हणजे छोटी तळी, पश्चिमेला गेलं की कळंबचा समुद्र. समजा, इथल्या एखाद्या घोड्याचा पाय दुखावला.

आधी विहिरीचं पाणी घेऊ. ते बर्फासारखं थंड नसतं, पण सुजलेल्या पायापेक्षा बरंच गार असतं, आणि उष्णता नेहमी गरमाकडून गाराकडे जाते. शिवाय पाणी हवेच्या जवळजवळ २५ पट वेगानं उष्णता ओढून घेतं. म्हणून पायावर रबरी नळीनं पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडणं, आणि दिवसातून दोन-तीनदा सोडणं, हा साधा उपाय जगभरच्या पागांमध्ये चालतो. सुरुवात खुरापासून करायची आणि धार हळूहळू वर न्यायची, म्हणजे घोडा दचकत नाही. गारव्यानं पायातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतून बाहेर झिरपणारं पाणी कमी होतं आणि सूज आटोक्यात राहते. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसाही मंदावतात.

आता समुद्र. त्याच्याकडे दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. एक, दाब. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणून पाण्यात उभ्या घोड्याचा खूर सर्वांत जास्त दाबला जातो आणि वरचा पाय कमी. त्यामुळे सुजेतलं पाणी वरच्या दिशेनं ढकललं जातं. दुसरी गोष्ट मीठ. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं, हे तुम्ही लोणच्याच्या वेळी पाहिलंच असेल. त्याला परासरण म्हणतात. सुजेवर मिठाच्या पाण्याचा असाच उपयोग होईल, अशी कल्पना. मात्र कातडी काही कैरीच्या फोडीइतकं पाणी सोडत नाही.

समुद्रामुळे गाजलेला घोडा म्हणजे इंग्लंडचा रेड रम. त्याच्या खुराच्या हाडाला आजार होता. जिंजर मॅकेन हा त्याचा प्रशिक्षक, जुन्या मोटारी विकणारा आणि टॅक्सी चालवणारा माणूस. त्याच्याकडे मोठं रेसकोर्स नव्हतं, पण साउथपोर्टचा किनारा होता. तो रेड रमला वाळूवर पळवायचा आणि समुद्राच्या गार पाण्यात चालवायचा. हा लंगडणारा घोडा ग्रँड नॅशनल ही सुमारे सात किलोमीटरची, ३० अडथळ्यांची शर्यत १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा जिंकला. तीनदा जिंकणारा घोडा आजवर दुसरा झालेला नाही! आपला कळंबचा समुद्र मात्र थंडीतही वीस अंशांच्या वरच असतो. दाब मिळेल, मीठ मिळेल, तेवढा गारठा नाही मिळणार.

म्हणून तिसरं पाणी, बर्फाचं. परदेशात घोड्यांसाठी खास टाक्या असतात. त्यांत पाच अंशांच्या आसपासचं खारं पाणी, शिवाय खालून बुडबुडे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाला इजा झालेल्या २७ घोड्यांवर अशा स्नानाचा प्रयोग केलेला आहे. त्याहून नवलाचं काम ऑस्ट्रेलियात अँड्र्यू व्हॅन एप्स आणि ख्रिस पॉलिट यांनी केलं. खुराच्या आत दाह होऊन घोडा कायमचा अधू होऊ शकतो. हा दाह थांबवता येईल का, हे पाहायला त्यांनी घोड्यांचा एक पाय तब्बल ४८ तास बर्फाच्या पाण्यात ठेवला. आपण हात बुडवला तर मिनिटा-दोन मिनिटांत कळ येते. घोड्यांनी मात्र हे सहज सोसलं. २००४ साली त्यांनी दाखवून दिलं, की गार ठेवलेला खूर या दाहापासून बराच वाचतो.

गार पाणी तुटलेले तंतू जोडत नाही बरं का. ते सुरुवातीची सूज आणि वेदना कमी करतं. जोडण्याचं काम शरीर करतं, विश्रांती मिळाली तर. किती तंतू तुटलेत हे डॉक्टर सोनोग्राफी करून बघतात. मुंबईत परळला प्राण्यांचा जुना दवाखाना आहे, लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. तिथेच १८८६ साली असे डॉक्टर घडवणारं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं.

तुम्हाला माथेरानला किंवा एखाद्या किनाऱ्यावर घोडा भेटला, तर त्याच्या मालकाला विचारा, की घोड्याचा पाय तपासायला ते कुठे हात लावतात. ते दोन्ही पुढच्या पायांना मागच्या बाजूनं हात लावून दाखवतील. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर त्या दिवशी त्या घोड्यावर कुणीही बसायचं नाही. आधी पाण्याची नळी आणायची, आणि मग डॉक्टरांना फोन.