काट्याची पावती बरोबर, तरी गाडीवर बोजा जादा!
ट्रकच्या अ‍ॅक्सलचे वजन : माल पाठवणाऱ्याने काय समजून घ्यावे?

कापडाच्या व्यापाऱ्याला वजनाचे ज्ञान असते, असे आपण सारेच समजतो. ताग्याचे वजन, गाठीचे वजन, सुताच्या पेटीचे वजन आपल्या तोंडावर असते. परंतु तोच माल ट्रकच्या हौद्यात चढला, की त्याचा भार कोणत्या चाकावर किती पडतो, ही चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? आम्हीही अनेक वर्षे केली नव्हती. ती गाडीवाल्याची बाब, आपला संबंध भाड्याशी, अशीच आमची समजूत होती. ही समजूत आम्हाला महागात पडली.

२०१९ च्या हिवाळ्यात आम्ही मालेगावहून भिवंडीला ग्रे कापडाच्या गाठी रवाना केल्या. हौद्याच्या पुढच्या भागात दुसऱ्या एका व्यापाऱ्याची रिकाम्या बॉबिनची पोती होती. ती हलकी, पण जागा खाणारी. आमच्या जड गाठी साहजिकच मागे, फाळक्याकडे रचल्या गेल्या. काट्याची पावती १८ टनांची होती आणि गाडीची मर्यादा साडेअठरा टनांची. आम्ही बेफिकीर होतो. कसारा घाट उतरताना मागच्या बाजूचा आतला टायर फुटला. ड्रायव्हरने मोठ्या हिमतीने गाडी कडेला घेतली आणि जीवितहानी टळली. मात्र रात्रीतून माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला, प्रोसेसिंगचा नंबर हुकला आणि भरपाई आम्हाला सोसावी लागली.

आम्ही गाडीवाल्यावर रागावलो आणि त्याच्यापुढे पावती धरली. तेव्हा गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, "सेठ, टोटल सांगू नका. पुढे किती होते आणि मागे किती होते, ते सांगा." याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्याच प्रश्नाचे उत्तर आज व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

अ‍ॅक्सलची मर्यादा म्हणजे काय?

दोन बाजूंच्या चाकांना जोडणारा आडवा आस म्हणजे अ‍ॅक्सल. गाडीचा व मालाचा सारा बोजा अखेरीस या आसांवरून टायरवर आणि टायरवरून रस्त्यावर उतरतो. प्रत्येक अ‍ॅक्सलने किती भार पेलावा याचा आकडा ठरलेला असतो. तो ठरवताना केवळ लोखंडी आसाची ताकद पाहत नाहीत. पाटे, बेअरिंग, रिम, टायर आणि ब्रेक यांपैकी जो भाग सर्वांत कमजोर, त्याच्यावर तो आकडा बेततात. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, तसे हे आहे.

सरकारही आपल्या बाजूने कमाल मर्यादा घालून देते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने या मर्यादा वाढवल्या. पुढच्या दोन टायरच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ६ टनांवरून ७ टन झाली. मागच्या चार टायरच्या अ‍ॅक्सलची १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. मागे जोड-अ‍ॅक्सल असल्यास १९ ऐवजी २१ टन आणि तीन अ‍ॅक्सलचा संच असल्यास २४ ऐवजी २७ टन ठरले. साध्या सहा चाकी ट्रकचे एकूण साडेअठरा टन हे ७ आणि ११.५ यांच्या बेरजेतून आले आहेत. मात्र गाडी जुनी असेल तर नव्या आकड्यावर विसंबू नये. तिच्या आर. सी. वर जे वजन नोंदलेले आहे, तेच तिचे वजन मानावे.

बेरीज बरोबर, वाटणी चुकीची

आता हिशेब पाहू. समजण्यासाठी सोपे आकडे घेतो. एका ट्रकच्या पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमध्ये १६ फुटांचे अंतर आहे. रिकाम्या गाडीचे पुढे ३.२ टन आणि मागे २.८ टन, म्हणजे एकूण ६ टन वजन आहे. तिच्यात १२ टन माल भरला. एकूण झाले १८ टन, म्हणजे मर्यादेच्या आत.

मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ५ फूट पुढे असेल, तर १६ पैकी ५ हिस्से भार पुढे जातो. १२ टनांतले ३.७५ टन पुढे आणि ८.२५ टन मागे. रिकाम्या गाडीचे वजन मिळवले, तर पुढे ६.९५ आणि मागे ११.०५ टन होतात. दोन्ही अ‍ॅक्सल मर्यादेत राहिले.

आता तोच माल अवघे दोन फूट मागे सरकवा. मध्य ३ फुटांवर आला. पुढे केवळ २.२५ टन गेले आणि मागे ९.७५ टन पडले. गाडीसह पुढे ५.४५ आणि मागे १२.५५ टन! गाडी तीच, माल तोच, काट्याची पावतीही १८ टनांचीच; परंतु मागचा अ‍ॅक्सल एक टनाहून अधिक जादा भरला. आमच्या गाडीत हेच घडले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, फाळक्याजवळ जड माल रचला, तर तो तराजूच्या दांडीप्रमाणे गाडीचे तोंड उचलू पाहतो. मागचा भार मालाच्या वजनापेक्षाही जास्त वाढतो आणि पुढची चाके हलकी होतात. मग स्टेअरिंग नीट पकड घेत नाही. उतारावर आणि वळणावर याचा अर्थ काय होतो, हे ड्रायव्हरलाच विचारावे.

टायर का फुटतो?

मागे चार टायर असतात, दोन डावीकडे व दोन उजवीकडे. ११.५ टनांवर प्रत्येक टायरच्या वाट्याला सुमारे २,८७५ किलो येतात, तर १२.५५ टनांवर सुमारे ३,१४० किलो. त्यातच आतल्या टायरची हवा कमी असेल, तर जोडीदारावर दोघांचा भार पडतो. आतला टायर सहसा कोणी तपासत नाही. जादा भारामुळे टायर अधिक दबतो, दबल्यामुळे तापतो आणि तापल्यावर फुटतो. घाटात ब्रेकचे ड्रमही तापलेले असतात, त्या उष्णतेची भर पडते.

रस्त्याचे नुकसान वेगळेच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इलिनॉय राज्यात खास रस्ते बांधून त्यांवर ट्रक चालवून मोठी चाचणी घेण्यात आली. अ‍ॅक्सलवरचा भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते, असे तीतून दिसले. म्हणजे भार २० टक्के जादा, तर झीज दुपटीने! आपण ज्या खड्ड्यांना शिव्या देतो, त्यांत आपलाही हातभार असतो.

ट्रेलर आणि कंटेनर

निर्यातीचा माल न्हावाशेव्याला ट्रेलरवरून जातो. तेथे बोजाचा काही भाग जोडणीतून ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडतो आणि उरलेला ट्रेलरच्या स्वतःच्या अ‍ॅक्सलवर. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे खरे वजन जाहीर करणे माल पाठवणाऱ्यावर बंधनकारक झाले आहे. परंतु तो आकडा एकूण वजनाचा. सुताच्या पेट्या दाराकडे जास्त रचल्या की आत जास्त रचल्या, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेत कुटुंबे सुट्टीत मोटारीमागे जोडून नेतात त्या फिरत्या घरांचाही हाच हिशेब आहे. त्यांवर एकूण वजनाचा आकडा वेगळा आणि अ‍ॅक्सलचा वेगळा लिहिलेला असतो. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग जोडणीवर यावा, असे तेथे सांगतात. तो फार कमी पडला, तर ट्रेलर मागे डुलू लागतो.

जबाबदारी कोणाची?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च द्यावा लागतो आणि तो उतरल्याखेरीज गाडी हलू देत नाहीत. मुख्य म्हणजे हे कलम गाडी चालवणाऱ्यापुरते नाही. ती तशी चालवायला लावणारा आणि चालू देणाराही त्यात येतो. 'आम्हाला काय ठाऊक' हे उत्तर व्यापाऱ्याला शोभत नाही आणि पुरतही नाही.

आम्ही आता काय करतो?

१) गाडी लावण्याआधी आर. सी. वरील एकूण वजन व अ‍ॅक्सलचे वजन पाहतो.

२) जड माल खाली आणि हौद्याच्या मधल्या भागात, हलका माल वर आणि मागे. हमालांना हे आधी सांगतो. त्यासाठी थोडी हमाली जादा पडली तरी देतो.

३) काट्यावर तीनदा तोलतो : आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. काट्याच्या आजूबाजूची जमीन सपाट हवी. पुढच्या-मागच्याची बेरीज एकूण वजनाशी जवळपास जुळली पाहिजे.

४) पावसाळ्यात हात राखून भरतो. प्रमाणित हवेतही १०० किलो कोरडा कापूस सुमारे साडेआठ किलो पाणी धरतो. पॉलिएस्टर अर्धा किलोही धरत नाही. भिजलेली ताडपत्री आणि ओलसर सुती गाठी यांचे वजन पावतीवर येत नाही, चाकांवर मात्र येते.

५) तयार कपड्यांनी हौदा भरतो, पण वजन भरत नाही. सुताने व रुईने वजन आधी भरते. १७० किलोच्या ७० रुईगाठी म्हणजे ११,९०० किलो झाले. हौद्यात जागा उरली म्हणून त्यावर माल चढवीत नाही.

या साऱ्याला अर्धा तास लागतो. कसारा घाटातल्या त्या रात्री आमचा ड्रायव्हर घरी सुखरूप पोहोचला, यात आमच्या हुशारीचा भाग काहीच नव्हता. भाड्यात दोन पैसे वाचवताना दुसऱ्याचा जीव आपण आपल्या गाठींखाली ठेवीत नाही ना, एवढे प्रत्येक व्यापारी बंधूने माल चढवताना स्वतः उभे राहून पाहावे.