चिमुकल्या हातांचा इफ्तार

असरची नमाज झाली की मोहल्ल्यातल्या घराघरांत एकच धांदल उडते. एका शेगडीवर तेल तापलेले असते, दुसरीवर चणे शिजत असतात. कुणी कांदा चिरत असते, कुणी सरबतात लिंबू पिळत असते. घड्याळाचा काटा मगरिबकडे सरकत असतो आणि दिवसभर रोजा धरलेली घरातली बाई याच शेवटच्या तासात सर्वांत जास्त वेळ आगीसमोर उभी असते.

याच तासाला घरातली लहान मुले सर्वांत जास्त कंटाळलेली असतात. शाळा सुटलेली, मोठी माणसे थकलेली, बाहेर उन्हाची धग. पोरे दहा वेळा स्वयंपाकघरात डोकावतात आणि दहा वेळा एकच वाक्य ऐकून परत येतात, "जा बाहेर, तेल उडेल!" मग हातात मोबाइल येतो. अजान होताच ती धावत दस्तरखानावर येतात, दोन भजी आणि एक समोसा उचलतात, गोड सरबताचा पेला रिकामा करतात आणि पुन्हा पसार होतात. फळांची बशी तशीच राहते.

रमजान घरात आला, पण मुलाच्या हाती त्यातले काय आले, हा प्रश्न इथे उभा राहतो. त्याचे एक सोपे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. तेलापासून दूर, दिवाणखान्यात एक चटई अंथरावी, तिच्यावर एक मोठे ताट ठेवावे आणि इफ्तारचा एक पदार्थ पूर्णपणे मुलांच्या ताब्यात द्यावा.

लोकरीची खेळणी

रोजा फर्ज होतो तो बालिग झाल्यावर, म्हणजे वयात आल्यावर. लहान मुलांवर त्याची सक्ती नाही. तरीही सहा-सात वर्षांचे मूल सहरीला उठून बसते आणि "मीही रोजा धरणार" म्हणून हट्ट करते. मग आजी-नानीची जुनी युक्ती कामी येते. दुपारपर्यंतचा 'चिडी रोजा' धरायला सांगायचा, म्हणजे चिमणीएवढा रोजा. मुलाचे मनही राहते आणि पोटही.

मुलांना रोजाची सवय लावताना त्यांचे मन रमवण्याची रीत फार जुनी आहे. रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) या मदिनेतल्या सहाबियांचे एक कथन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. आशुराच्या दिवशी तिथल्या आया आपल्या लहानग्यांनाही रोजा धरायला लावत. त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करून ठेवत. मूल भुकेने रडू लागले की ते खेळणे त्याच्या हाती देत आणि इफ्तारची वेळ होईपर्यंत त्याला त्यात गुंतवत.

चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या आयांना एवढे ठाऊक होते की शेवटचा तास मुलासाठी लांब असतो आणि तो रागावून नव्हे, हात गुंतवून सरतो. आज लोकरीच्या खेळण्याच्या जागी खजूर, काकडी आणि कलिंगड ठेवता येईल.

मिठाची परीक्षा

रमजानमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईची एक अडचण असते. मीठ चाखता येत नाही. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकण्याची सवलत फिकहमध्ये आहे, पण पुष्कळ जणी ते टाळतात आणि अंदाजाने मीठ टाकतात. अशा वेळी घरात ज्याचा रोजा नाही असा एकच तज्ज्ञ उरतो. "नमक बराबर है क्या, चख के बोल," असे म्हणून अम्मीने चमचा पुढे केला की पाच वर्षांचे पोर एकदम मोठे होते. 'तू लहान आहेस, तुझा रोजा नाही' हे वाक्य त्याला दिवसभर टोचत असते. इथे मात्र रोजा नसणे हीच त्याची पात्रता ठरते. हे काम रोज त्याच मुलाकडे द्यावे. स्वतः चव ठरवलेला पदार्थ मूल सहसा टाकत नाही.

ताटावरचे पाच खेळ

पुढचे पदार्थ मुलांनी करायचे आहेत. जिथे विस्तव लागतो तिथे मोठ्यांनी हात द्यावा.

खजुराच्या होड्या : ताजा खजूर, तो नसेल तर सुका खजूर आणि तोही नसेल तर पाण्याचे घोट, या क्रमाने प्रेषित मुहम्मद (स.) रोजा सोडत. त्यामुळे मुलांच्या कामाची सुरुवात खजुरापासूनच व्हावी. वीस मऊ खजूर घ्यावेत. मुलाने प्रत्येक खजुराला लांबीत एक चीर पाडून बी काढावी. बिया मोजून वेगळ्या वाटीत ठेवाव्यात, म्हणजे एखादी आत राहिली तर लगेच कळते. अर्धा किलो दही आदल्या रात्री फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगले की सकाळी जेमतेम पाव किलो चक्का मिळतो. त्यातला अर्धी वाटी चक्का चिमूटभर वेलचीपूड घालून फेटावा आणि चमच्याने खजुरात भरावा. वर बदामाचा पातळ काप उभा खोचला की होडीला शीड लागते. साखर अजिबात लागत नाही.

कलिंगडाची चंद्रकोर : कलिंगडाची बोटभर जाडीची चकती कापून मुलापुढे ठेवावी. स्टीलची वाटी उपडी दाबली की गोल चंद्र निघतो. तीच वाटी थोडी बाजूला सरकवून पुन्हा दाबली की चंद्रकोर सुटते आणि डोळ्याच्या आकाराचा एक तुकडा उरतो. तोही ताटात ठेवायचा. बिया मात्र आधी काढाव्यात. याच पद्धतीने पपईच्या चंद्रकोरी होतात. पेरू, चिकू, केळी यांचे तुकडे मधे रचले की फळांचे ताट तयार. वर साखर किंवा क्रीम न घालता लिंबू आणि चिमूटभर चाट मसाला पुरतो.

काकडीच्या वाट्यांत चणा चाट : तरावीहनंतर झोपण्यापूर्वी मुलानेच एक वाटी काळे चणे भिजत घालावेत. सकाळी ते फुगून दुपटीच्या आसपास झालेले पाहणे हाच मुलाचा पहिला आनंद. कुकरमध्ये चणे शिजवण्याचे काम मोठ्यांचे. काकडीचे दोन-दोन इंचांचे तुकडे करून द्यावेत. मुलाने चमच्याने मधला गर कोरावा, तळ मात्र राहू द्यावा. चण्यांत टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, मीठ आणि लिंबाचा रस घालून ते या वाट्यांत भरावेत. कोरलेला गर दह्यात घातला की कोशिंबीर होते. लिंबू इथे केवळ चवीसाठी नाही. चण्यातले लोह शरीरात शोषले जायला लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते. याच्या उलट, खाण्याबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते. म्हणून इफ्तारच्या ताटाशेजारी मुलांसाठी चहाचा कप नको.

न तळलेले दहीवडे : एक वाटी मुगाची डाळ तीन तास भिजवून आले, मीठ आणि अगदी थोड्या पाण्यासह वाटून द्यावी. मुलाने हे पीठ हाताने एकाच दिशेने फेटावे. फेटून झाले का, हे ओळखायची गंमत अशी की पिठाचा थेंब वाटीभर पाण्यात सोडायचा. तरंगला तर झाले, बुडाला तर अजून फेटायचे. मोठ्यांनी आप्पेपात्रात खळग्यामागे दोन-चार थेंब तेल सोडून वडे भाजावेत. कोमट पाण्यात भिजवलेले वडे हलके पिळणे, त्यावर दही ओतणे आणि चिंच-खजुराच्या चटणीने वर नक्षी काढणे ही पुन्हा मुलांची कामे. कोणी फूल काढील, कोणी आपले नाव लिहील.

सब्जाचे सरबत : चमचाभर सब्जा वाटीभर पाण्यात टाकून मुलाला समोर बसवावे. काळ्या दाण्याभोवती पांढरे, पारदर्शक आवरण फुगत जाते. पंधरा-वीस मिनिटे मूल जागचे हलत नाही. पूर्ण फुललेला सब्जा लिंबाच्या किंवा कोकमाच्या सरबतात घालावा. साखर किती घालायची, ते मुलालाच चमच्याने मोजू द्यावे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. वरून घातलेल्या साखरेतून त्यातल्या १० टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी याव्यात आणि जमल्यास ५ टक्क्यांपेक्षाही कमी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. हिशेब केला तर वरची मर्यादा आठ चमच्यांच्या आसपास येते आणि चांगली मर्यादा चार चमच्यांच्या. पेल्यात चौथा चमचा पडला की मूल स्वतःच म्हणेल, "आता बस!"

कोणाला कोणते काम

तीन-चार वर्षांच्या मुलाला फळे धुणे, कोथिंबीर खुडणे, खजूर ताटात मांडणे जमते. पाच ते सात वर्षांचे मूल बिया काढते, चक्का भरते, वाटीने आकार कापते. आठ वर्षांच्या पुढे बोथट सुरीने केळे किंवा शिजलेला बटाटा चिरायला हरकत नाही, मात्र शेजारी मोठे माणूस हवे. गरम तेल, कुकर आणि मिक्सर यांच्या जवळ कोणीच नाही. कामाआधी हात साबणाने धुणे आणि 'बिस्मिल्लाह' म्हणणे, हे दोन्ही सर्वांना लागू.

काही गोष्टी सांभाळायलाच हव्यात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे बदाम, शेंगदाणे किंवा अख्खे चणे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. बदामाची पूड करावी, चणे कुस्करावेत, द्राक्षे लांबीत चिरावीत. सब्जा कोरडा कधीही देऊ नये. हट्टाने पूर्ण रोजा धरलेल्या लहान मुलाला चक्कर आली, ते सुस्त पडले किंवा उलट्या होऊ लागल्या तर रोजा लगेच सोडवावा. त्यात मुलाला कमीपणा वाटू देऊ नये.

आणि ही चटई फक्त मुलींसाठी नाही. प्रेषित (स.) घरी काय करत, असे विचारल्यावर ते घरच्यांच्या कामात मदत करत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याची नोंद बुखारीत आहे. तरीही अनेक घरांत आठ वर्षांची मुलगी रोट्यांचे पीठ मळते आणि अकरा वर्षांचा तिचा भाऊ बॅट घेऊन अंगणात असतो. पुढे शिक्षणासाठी पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात गेल्यावर हाच मुलगा पहिल्या रमजानमध्ये बिस्किटांवर रोजा सोडतो. चणे भिजवायला तो दहाव्या वर्षी शिकला असता तर ही वेळ आली नसती.

भज्यांचे काय?

भजी दस्तरखानावरून हद्दपार करा, असे सांगून कोणी ऐकणार नाही आणि तशी गरजही नाही. रोज तीन तळणी होत असतील तर एक ठेवावी. कोणती ठेवायची, ते मुलांनी आळीपाळीने ठरवावे. आज भजी, उद्या समोसा, परवा काहीच नाही. मुलांच्या ताटाने दोन पदार्थांची जागा घेतली की आईचा शेगडीजवळचा अर्धा तास वाचतो. त्या अर्ध्या तासात तिला कुराणाची दोन पाने वाचता येतील, किंवा नुसते भिंतीला टेकून बसता येईल. इफ्तारच्या आधीची वेळ दुआ कबूल होण्याची मानली जाते आणि घरातल्या बाईला नेमकी तीच वेळ कढईसमोर काढावी लागते. मुलांच्या ताटाचा सर्वांत मोठा फायदा कदाचित हाच असेल.

मुलांनी केलेल्या पदार्थांतले एक ताट शेजारी जावे आणि ते मुलांनीच न्यावे. क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट दोन्ही हातांत धरून जिना उतरणे ही त्या वयात मोठी जबाबदारी असते. होळी रमजानमध्ये येते त्या वर्षी तेच ताट पुरणपोळी घेऊन परत येते, हे मिश्र वस्तीत वाढलेल्यांना सांगायला नको.

मग भोंगा वाजतो, अजान कानी येते. सगळे हात ताटाकडे जातात. त्या वेळी घरातल्या मोठ्यांनी एवढेच करावे. सुबक होडी बाजूला ठेवून ज्या होडीचे शीड वाकडे झाले आहे आणि चक्का बाहेर आला आहे, ती आधी उचलावी आणि तिनेच रोजा सोडावा. समोर बसलेले मूल आपल्या होडीवर डोळे लावून बसलेले असते. उद्या असरनंतर त्याला हाक मारावी लागणार नाही. चटई तेच अंथरील.