कुत्र्याचा पासपोर्ट आणि २१ दिवस

युरोपात नोकरीसाठी गेलेल्या आपल्याकडच्या अनेक तरुण जोडप्यांच्या घरात आता कुत्रा किंवा मांजर असते. म्युनिकची नोकरी सोडून डब्लिनला जायचे ठरले की घरभाडे, सामान, मुलांची शाळा यांच्याबरोबर त्या प्राण्याचाही प्रश्न येतो. मग इथे आईवडिलांना फोन होतो, आईवडील ओळखीच्या डॉक्टरांना विचारतात. ‘युरोपियन युनियनमध्ये माणूस सहज या देशातून त्या देशात जातो, मग कुत्र्यालाच एवढी कागदपत्रे कशाला?’ हा प्रश्न मला दोन-तीनदा तरी आला आहे.

मी पशुवैद्य नाही. पण सरकारी रुग्णालयात कुत्रा चावलेल्यांची रांग रोज पाहतो. पाण्याचा पेला समोर धरताच घशाला आचके येणारा रेबीजचा रुग्ण ज्याने एकदा पाहिला, त्याला ही कागदपत्रे जाचक वाटणार नाहीत. लक्षणे सुरू झाल्यावर या आजारातून रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. युरोपने तो मोठ्या कष्टाने हद्दपार केला आहे, आणि कुत्र्याच्या पासपोर्टमधली बहुतेक पाने त्यासाठीच आहेत.

युरोपातला रेबीज आपल्यासारखा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा नव्हता, तो कोल्ह्यांचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोलंडच्या बाजूने निघालेली साथ वर्षागणिक पश्चिमेकडे सरकत १९६८ मध्ये फ्रान्सपर्यंत पोचली. कोल्हे मारून ती थांबेना. शेवटी १९७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऱ्होन खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्यात आली. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि साथीची वाट अडली. पुढे अनेक देशांनी विमानांतून अशी आमिषे टाकली. जर्मनी २००८ मध्ये अधिकृतपणे रेबीजमुक्त झाला. तरी धोका संपलेला नाही. २०२१ मध्ये पोलंडमध्ये वॉर्सॉच्या आसपास कोल्ह्यांत रेबीज पुन्हा उसळला होता.

आता नियम पाहू. पहिली अट मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली बसवतात आणि तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. दुसरी अट रेबीजच्या लसीची. यात क्रम फार महत्त्वाचा. चिप आधी किंवा त्याच दिवशी, लस नंतर. लस आधी टोचली आणि चिप नंतर बसवली तर ती लस धरली जात नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा उरत नाही. बरीच कुटुंबे नेमकी इथेच अडकतात. पिल्लू घेतल्याबरोबर कुणीतरी लस टोचून दिलेली असते, चिपचे नंतर सुचते, आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावे लागते. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. लस १२ आठवड्यांच्या आधी चालत नाही, कारण तोवर आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम बोथट करतात. १२ आठवडे आणि वर २१ दिवस, म्हणजे साधारण १५ आठवड्यांखालचे पिल्लू नियमात बसून सीमा ओलांडणे कठीण. (काही देश लहान पिल्लांना सवलत देतात, पण ती गृहीत धरू नये.) बूस्टर मुदतीच्या आत दिला तर पुन्हा थांबावे लागत नाही. एक दिवस जरी उलटला तरी तो डोस पहिला मानतात आणि २१ दिवस नव्याने मोजतात. विमानाचे तिकीट काढण्याआधी पासपोर्टमधली ही तारीख बघा.

आयर्लंडसाठी आणखी एक अट आहे, आणि बहुतेकांना तीच अनाकलनीय वाटते. कुत्र्याला तिथे पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पशुवैद्याने पट्टकृमीचे औषध द्यायचे आणि दिनांक व वेळ पासपोर्टमध्ये लिहायची. मंगळवारी सकाळी दहाला गोळी दिली, तर बुधवारी सकाळी दहापासून रविवारी सकाळी दहापर्यंत पोचायला हवे. फिनलंड, माल्टा, नॉर्वे आणि ब्रिटन यांचीही अशीच अट आहे. मांजरांना ती नाही.

हा पट्टकृमी म्हणजे एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया इथल्या कोल्ह्यांच्या आतड्यात तो राहतो. उंदीर खाणाऱ्या कुत्र्यालाही तो होतो, आणि कुत्रा त्याने आजारी दिसतही नाही. विष्ठेतून पडलेली अंडी हाताला किंवा भाजीला लागून माणसाच्या पोटात गेली, की अळी यकृतात कर्करोगासारखी पसरत जाते. लक्षणे दिसायला ५ ते १५ वर्षे लागू शकतात. शस्त्रक्रिया जमली नाही तर अनेकांना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्याकडे शस्त्रक्रिया विभागात अधूनमधून यकृतातली हायडेटिड गाठ निघते, ती याच्या चुलत भावाची. पण ती गाठ बंद पिशवीसारखी असते, हा आजार मुळे पसरल्यासारखा आत शिरतो.

मग २४ ते १२० तासच का? औषधाचा परिणाम टिकत नाही. आठवडाभर आधी गोळी दिली तर तेवढ्यात कुत्रा पुन्हा उंदीर खाऊ शकतो. अगदी निघताना दिली तर किडे मरतात, पण आतड्यातली अंडी औषधाने मरत नाहीत आणि नव्या देशाच्या मातीत पडतात. म्हणून मधली वेळ. अशी अट लावायचा अधिकार फक्त हा किडा नसलेल्या देशांना आहे. २०११ मध्ये स्वीडनमधल्या एका कोल्ह्यात तो सापडला आणि पुढे स्वीडनचा हा अधिकार गेला.

ब्रिटनचे प्रकरण वेगळे. तिथे २००० सालापर्यंत बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात ठेवत. युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये दिलेला प्राण्याचा पासपोर्ट युरोपात चालत नाही, त्याऐवजी प्रवासाआधी दहा दिवसांच्या आत पशुवैद्याकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. नियम बदलत राहतात, तेव्हा ज्या देशात जायचे तिथल्या सरकारी संकेतस्थळावरच पाहा. शेजाऱ्याने मागच्या वर्षी काय केले, हे विचारून उपयोग नाही.

मला खरी काळजी वाटते ती मोटारीतून जाणाऱ्यांची. जर्मनीतून फ्रान्समध्ये शिरताना सहसा कुणी कुत्र्याची चिप तपासत नाही. त्यामुळे सुट्टीत दिसलेले गोंडस पिल्लू गाडीत घालून आणण्याचा मोह होतो. २०१२ मध्ये मोरोक्कोतून घेतलेले एक पिल्लू स्पेनमार्गे ॲमस्टरडॅमला पोचले आणि तिथे त्याला रेबीज असल्याचे निघाले. त्याला हाताळलेल्या, त्याने चाटलेल्या प्रत्येकाला शोधून लस द्यावी लागली. इथे तर भारतातून थेट कुत्रा नेणाऱ्यांना रक्ततपासणीही आहे. लसीनंतर किमान ३० दिवसांनी घेतलेल्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवे, आणि त्यानंतर तीन महिने थांबायचे. माणसांमध्येही लस लागू पडली का हे पाहताना आम्ही हाच ०.५ चा आकडा बघतो.

एका आजाराबद्दल मात्र कुठलाच कागद विचारत नाही. स्पेन, इटली, ग्रीस इथल्या कुत्र्यांत लेशमानिया हा परजीवी आढळतो. बिहारमधल्या काळ्या आजाराच्या कुळातलाच. तो वाळूमाशी चावल्याने पसरतो आणि कुत्र्यात महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. दक्षिणेकडून कुत्रा आणत असाल तर पशुवैद्याला तसे सांगून रक्ततपासणी करून घ्या.

प्रवासात कुत्रा घाबरेल म्हणून त्याला झोपेचे औषध देऊ नका. विमानाच्या पोटात, जवळ कुणी नसताना, रक्तदाब आणि श्वास दोन्ही मंदावू शकतात. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचा त्रास आधीच असतो, म्हणून कित्येक विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत. म्युनिकहून डब्लिनसाठी फ्रान्सपर्यंत गाडी आणि शेरबूर बंदरातून थेट आयर्लंडची बोट, हा मार्ग त्यांना जास्त मानवतो. गोळीचे तास मात्र बोट पोचण्याच्या वेळेवरून मोजायचे, सुटण्याच्या नव्हे.