लांबीचा कर आणि रुंदीची गल्ली

घटस्थापनेच्या दिवसापासून, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, छोट्या मोटारींवरील २८ टक्के कर आणि त्यावरचा किरकोळ उपकर जाऊन १८ टक्क्यांचा अंमल सुरू झाला, आणि कोणती गाडी किती हजारांनी उतरली याची कोष्टके दसऱ्यापर्यंत पुष्कळांना तोंडपाठ झाली. तेव्हा त्या हिशेबात पुन्हा न शिरता, सरकारदप्तरी छोटी मोटार कोणास म्हणावे याचा जो निवाडा झाला आहे त्याची थोडी उलटतपासणी करावी, असे माझ्यासारख्या नारायणपेठी नॅनोमालकास वाटते. लांबी ४ मीटरांपेक्षा अधिक नसावी, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० सीसीच्या आत असावे, एवढ्या दोन अटींवर हा निवाडा उभा आहे. रुंदीचा त्यात उल्लेखच नाही!

हे मोजमाप आजचे नव्हे. २००६ च्या अर्थसंकल्पाने अशा मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले, तेव्हापासून कारखानदारांनी मीटरपट्टी हाती धरली. २००८ साली टाटांनी इंडिगोची डिकी, शिंप्याने विजार आखूड करावी तशी, कातरून ती गाडी ३,९८८ मिलिमीटरांत बसवली. आणि पुढे उंच बांध्याच्या, दिमाखदार गाड्याही त्याच रेषेच्या अलीकडे बेताने येऊन उभ्या राहिल्या. आजची नेक्सॉन काय आणि सॉनेट काय, लांबीने ३,९९५ मिलिमीटर, पण रुंदीने १.८ मीटरांच्या घरात. म्हणजे नॅनोहून जवळजवळ एक फुटाने ऐसपैस. महसूल खात्यास हा फूट दिसत नाही. कुमठेकर रस्त्यावर तो पदोपदी दिसतो.

पेठेत मोटार बाळगणाऱ्याचा खरा कज्जा लांबीशी नसतोच. सम तारखेस एका अंगाला आणि विषम तारखेस दुसऱ्या अंगाला गाडी लावण्याचा नियम पाळून, दुतर्फा दुचाक्यांच्या रांगांतून वाट काढत, एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीलगत जागा मिळालीच, तरी दार उघडून उतरण्यापुरते अंतर उरेल काय, ही विवंचना रुंदीची असते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत रतन टाटांनी लोकांपुढे आणलेली, आणि त्याआधी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यातील अभियंत्यांच्या मसलतींतून आकारास आलेली ही ३.१ मीटर लांब, दीड मीटर रुंद नॅनो अवघ्या ४ मीटरांच्या त्रिज्येत वळते. तुळशीबागेच्या परिसरात हा गुण वातानुकूलनाहून मोलाचा आहे. लाखाची गाडी म्हणून तिची बदनामी झाली, अरुंद गाडी म्हणून तिची स्तुती मात्र कोणी केली नाही. तिची कैफियत मला ठाऊक आहे: इंजिन मागल्या आसनाखाली असल्याने पाहुण्यांस त्याचा गुरगुराट अखंड ऐकावा लागतो, पेट्रोल पुढचे बॉनेट उघडून भरावे लागते, त्यामुळे पंपावरचा नवखा पोऱ्या पाइप हाती घेऊन गाडीस प्रदक्षिणा घालतो, आणि आरंभीच्या गाड्यांची डिकी बाहेरून उघडतच नसल्याने मंडईतल्या पिशव्या मागच्या दारातून आत घेऊन आसनापलीकडे ढकलाव्या लागतात. हे सर्व मी आनंदाने सोसतो.

जपानने या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे. तेथील केई वर्गाच्या मोटारीस ३.४ मीटर लांबी आणि ६६० सीसी या मर्यादांबरोबरच १.४८ मीटर रुंदीचीही मर्यादा आहे, कारण तिथल्या गल्ल्यांची जाण नियम करणाऱ्यांना होती. आपली मारुती ८०० त्याच कुळातली. १९८३ साली ती आली आणि एका पिढीला वळणे शिकवून गेली. आपल्याकडेही रुंदीची अट घालून, १.५ मीटरांच्या आतल्या मोटारीस आणखी सवलत द्यावी, अशी माझी दरखास्त आहे. आज त्या मापात बसणारी अल्टो के१० अद्याप तग धरून आहे. नॅनोचे उत्पादन मात्र केव्हाच थांबले.

गमतीची गोष्ट अशी की, आज शहरात दिसणारी ३ मीटरांहूनही आखूड आणि दीड मीटर रुंदीची कॉमेट मोटार या सणाच्या सवलतीत कोठेच नाही. ती विजेवर चालते, आणि विजेच्या मोटारीवर आधीपासूनच ५ टक्के कर आहे. तोही ती लहान म्हणून नव्हे, कारण सव्वादोन टनांच्या विजेच्या मोटारीसही तोच दर लागू आहे.